कॉपबाईंचा टेलिफोन

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याला बर्फ, घड्याळे आणि बँकांतली गुप्त खाती आठवतात. त्या देशातल्या बायकांना केंद्रीय निवडणुकांत मत देण्यासाठी १९७१ साल उजाडावे लागले, हे फारसे कुणाच्या गावी नसते. पुढे तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९८४ रोजी, झ्युरिकच्या एलिझाबेथ कॉप सात जणांच्या केंद्रीय मंत्रिमंडळावर निवडून आल्या. तिथवर पोचलेली ही पहिली स्त्री. शिक्षण कायद्याचे, अनुभव झुमिकॉन गावच्या नगराध्यक्षपदाचा.

न्याय व पोलीस खाते त्यांच्या वाट्याला आले. जुन्या कायद्याप्रमाणे नवरा हा कुटुंबप्रमुख; बायकोला नोकरी करायची तर त्याची संमती हवी! तो बदलण्यासाठी कॉपबाई उभ्या राहिल्या. १९८५ च्या सार्वमतात कौल मिळाला आणि १ जानेवारी १९८८ पासून नवरा-बायको कायद्याने बरोबरीचे झाले.

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला बाईंनी नवऱ्याला फोन केला. हान्स कॉप वकील होते आणि शकार्ची ट्रेडिंग कंपनीच्या संचालक मंडळाचे उपाध्यक्ष. काळा पैसा पांढरा करण्याच्या संशयात कंपनीचे नाव येत होते. तिथून बाहेर पडा, असे बाईंचे सांगणे. त्यांनी लगेच पद सोडले.

खातेदाराची गोष्ट घरात काढायची नाही, हे आम्हा बँकवाल्यांच्या अंगवळणी पडलेले. तरी मला फोनपेक्षा नंतरचे मौन अधिक खुपते. बाई सहा आठवडे गप्प राहिल्या. वर्तमानपत्रे मागे लागली तेव्हा डिसेंबरात कबुली दिली, मग राजीनामा जाहीर केला. १२ जानेवारी १९८९ ला तर तडकाफडकी खुर्ची सोडली. गंमत अशी की काळा पैसा पांढरा करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारे कलम तेव्हा अमलातच नव्हते. ते आले १ ऑगस्ट १९९० ला.

त्याआधी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने बाईंना गोपनीयताभंगाच्या आरोपातून मुक्त केले होते. पण या प्रकरणासाठी नेमलेली संसदीय समिती खात्यात शिरली, तेव्हा पोलिसांच्या दप्तरात पाळतीच्या सुमारे ९ लाख नोंदी निघाल्या. हा उद्योग बाईंच्या कितीतरी आधीपासूनचा. देश हादरला.

मंत्रिमंडळात दुसरी स्त्री, रूथ ड्रायफस, यायला १९९३ उजाडले. कॉपबाई सत्तेत परतल्या नाहीत. नवऱ्याची साथ मात्र २००९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सोडली नाही. त्या स्वतः एप्रिल २०२३ मध्ये, ८६ व्या वर्षी गेल्या.