१ जून १९४८ची एसटी बीडला येणार तरी कशी?

दर वर्षी १ जूनला एसटीचा वर्धापनदिन येतो. बसस्थानकावर रांगोळी पडते, गाड्यांना हार चढतात आणि मोबाइलवर तोच मजकूर फिरायला लागतो: '१ जून १९४८ला पहिली एसटी धावली आणि आपल्या भागात सरकारी बस सुरू झाली.' यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. नगर–पुणे मार्गावर मुंबई राज्याची पहिली गाडी त्याच दिवशी सुटली. पण बीडमध्ये बसून उरलेलं अर्धं वाक्य पुढे पाठवणाऱ्याला एकच विचारावंसं वाटतं: बाबा रे, त्या दिवशी बीड कोणाच्या राज्यात होतं?

निजामाच्या. गंमत अशी, की १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करणारी माणसंच १ जूनला हा मजकूर पाठवतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ला मुक्त झाला, म्हणजे नगरची गाडी सुटल्यानंतर साडेतीन महिन्यांनी. नगर जिल्हा शेजारचा खरा, पण मधे हद्द होती. हद्दीवर निजामाचे करोडगिरीचे नाके होते. पलीकडे चलनही वेगळं, हाली शिक्का. सात हाली रुपये मोजले की सहा कलदार, म्हणजे ब्रिटिश रुपये, मिळायचे. त्यात त्या उन्हाळ्यात रझाकारांची दहशत, आणि सीमेवर स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची शिबिरं. अशा वेळी मुंबई राज्याची एसटी आष्टी ओलांडून बीडला येऊन उभी राहिली, असं मानायचं का?

हे सांगितलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. 'म्हणजे आमच्याकडे तोवर बैलगाडीच होती!' तसंही नाही. निजामाच्या सरकारी रेल्वेनं, म्हणजे निजाम्स स्टेट रेल्वेनं, १९३२ साली आपलं स्वतंत्र रस्ते वाहतूक खातं काढलं. सुरुवात २७ गाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनी झाली. ज्यांना शंका असेल त्यांनी आंध्र प्रदेशच्या एसटी महामंडळानं दिलेला स्वतःचा इतिहास पाहावा. आपली वंशावळ ते याच खात्यापासून सांगतात, आणि देशात रस्ते वाहतूक सरकारी करण्याचा पहिला मानही त्यालाच देतात. नगर–पुणे गाडी यानंतर सोळा वर्षांनी आली. या खात्यातली एक जुनी ॲल्बियन बस हैदराबादेत आजही जपून ठेवलेली आहे.

लगेच कोणी 'निजामाचे गोडवे' म्हणून अंगावर येऊ नये. रेल्वेनं बस चालवल्या त्या जनतेच्या कळवळ्यानं नव्हे. त्या काळात खासगी मोटारवाले रेल्वेचे प्रवासी पळवत होते. हा घोर सगळ्या हिंदुस्थानातल्या रेल्वेंना लागला होता. ब्रिटिश सरकारनं याच प्रश्नावर मिचेल आणि कर्कनेस यांचा अहवाल करून घेतला. निजामाच्या रेल्वेनं सरळ हिशेब केला: रस्त्यावरचं उत्पन्नही आपल्याच तिजोरीत यावं. सरकारी बसचा जन्म असा गल्ल्याच्या काळजीतून झाला.

सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतरही मराठवाडा लगेच एसटीकडे आला नाही. तो हैदराबाद राज्यातच राहिला, आणि सरकारी बसही त्याच राज्याची. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथली सरकारी बससेवाही त्याच्यासोबत आली. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या नावाखाली सगळं एकत्र आलं ते १९६१ला. तेव्हा बीडच्या एसटीचं मूळ शोधायचं तर पुण्याइतकंच हैदराबादकडेही बघावं लागतं. १ जूनला हार जरूर घाला. फक्त पोरांना अर्धाच इतिहास सांगू नका.

आता किरकोळ गैरसमज झटपट उरकू.

'राज्यातली पहिली बस म्हणजे एसटी.' नाही. मुंबईत १५ जुलै १९२६लाच अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट बस सुरू झाली होती.

'ट्राम फक्त कलकत्त्याची.' मुंबईत ती १८७४ ते ३१ मार्च १९६४ होती. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली.

'ट्राम म्हणजे विजेचीच.' मुंबईत पहिली तेहेतीस वर्षं ती घोड्यांनी ओढली. वीज आली १९०७ला.

'बीड जिल्ह्यात रेल्वे पहिल्यांदा २०२५ला आली.' बीड शहरात आली, १७ सप्टेंबर २०२५ला, अहिल्यानगरहून. आष्टीला ती त्याआधीच, २०२२ला पोचली होती. आणि परळी वैजनाथ? तिथं गाडी निजामाच्या काळापासून येते, आणि परळी बीड जिल्ह्यातच आहे. विश्वास बसत नसेल तर हेच वाक्य परळीच्या स्टेशनवर उभं राहून मोठ्यानं म्हणून बघा.