घोट्यावरची जखम मलमाने का भरत नाही?

पोळीभाजी केंद्रात दिवसभर शेगडीपुढे उभ्या राहणाऱ्या एक मावशी तपासायला आल्या, तेव्हा त्यांच्याकडे एक कापडी पिशवी होती. ती त्यांनी टेबलावर उपडी केली. मलमाच्या अकरा ट्यूब. काही शेवटपर्यंत पिळलेल्या, काहींचं झाकणही न उघडलेलं. "सहा वर्षं झाली, डॉक्टर. भरते आणि परत फुटते."

त्यांनी साडीचा काठ वर घेतला. डाव्या पायाच्या आतल्या घोट्यावर तळहाताएवढी उथळ जखम होती, कडा वेड्यावाकड्या, भोवतीची कातडी काळपट तपकिरी आणि बोटाने दाबली तर लाकडासारखी टणक. पोटरीवर दोऱ्याच्या गुंत्यासारख्या फुगलेल्या शिरा. मी त्या शिरांकडे बोट दाखवलं, तर मावशी म्हणाल्या, "त्या जुन्याच आहेत हो. बाळंतपणापासूनच्या. त्यांचा काही त्रास नाही."

सगळा आजार त्या शिरांतच होता, आणि सहा वर्षांत त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

पायावरची जखम सहा आठवडे भरली नाही, तर ती साधी जखम राहिलेली नाही असं समजावं. लोक तिला नासूर म्हणतात, चिघळलेली जखम म्हणतात, आणि एकदा नाव दिलं की आशा सोडतात. या जखमांविषयी घरोघरी, औषधाच्या दुकानात, आणि खेदाने सांगावं लागतं, काही दवाखान्यांतही जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

"जखम आहे ना, मग जखमेवरच औषध लावायचं"

इथेच खरी चूक होते. जखम दिसते ती कातडीवर, पण ती न भरण्याचं कारण बहुतेक वेळा आत असतं. युरोपातल्या पाहण्यांत पायावरच्या जुन्या जखमांपैकी साधारण ७० टक्के जखमा शिरांच्या बिघाडामुळे झालेल्या आढळतात. उरलेल्यांत रोहिण्या अरुंद झाल्यामुळे शुद्ध रक्त न पोचणं, मधुमेहाने बधिर झालेला पाय, कुष्ठरोग, सिकलसेल, रक्तवाहिन्यांचा दाह, क्षयरोग आणि क्वचित कर्करोग अशी कारणं असतात.

शिरांचं गणित समजून घेण्यासारखं आहे. पायातलं रक्त हृदयाकडे चढतं ते पोटरीच्या स्नायूंच्या पंपाने. पाऊल टाकलं की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकललं जातं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांत छोट्या झडपा असतात. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या शिरांत पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरएवढा दाब असतो. चालायला लागला की तो ३०च्याही खाली उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालतानाही दाब उतरत नाही. मग रक्तातलं पाणी आणि तांबड्या पेशी कातडीत झिरपतात. त्या पेशींतलं लोह साचून कातडी तपकिरी होते, खाज सुटते, ती हळूहळू टणक होते. याच खाजेला गजकर्ण समजून वर्षानुवर्षं मलम चोळणारे कितीतरी जण असतात. शेवटी एक दिवस बादलीची कड लागते किंवा डास चावल्यावर खाजवलं जातं, आणि जखम उघडते. ज्या कातडीखाली दाब तसाच आहे, ती वरच्या मलमाने भरणार कशी?

"पायाचा डॉपलर झालाय, सगळं नॉर्मल आहे"

हे वाक्य ऐकलं की मी रिपोर्ट मागवून घेतो. पुष्कळदा तो डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, पायात रक्ताची गुठळी आहे का एवढंच पाहण्यासाठी, रुग्णाला झोपवून केलेला असतो. गुठळी नाही हे त्यातून कळतं. झडपा गळतात की नाही, हे नीट पाहायचं तर रुग्णाला उभं करून, पोटरी दाबून सोडून, रक्त उलटं खाली येतंय का हे बघावं लागतं. म्हणून तपासणीला जाताना चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहून घ्यावं.

दुसरी तपासणी याहून सोपी आणि तितकीच मोलाची. दंडाचा रक्तदाब मोजतो तसा घोट्याचाही मोजायचा. स्टेथोस्कोपऐवजी हातात मावणारं छोटं डॉपलर यंत्र लागतं, त्यातून नाडीचा फस्‌फस्‌ आवाज येतो. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंडाला १४० आणि घोट्याला ८४ आले, तर उत्तर ०.६. म्हणजे पायाला रक्त कमी पोचतंय. ०.९च्या वर उत्तर साधारण ठीक. ०.५च्या खाली गेलं तर वाट न बघता रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे जावं. पुष्कळ मधुमेहींच्या रोहिण्या चुन्याने कडक झालेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यात हा आकडा फसवा जास्त येऊ शकतो. त्यांच्या पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

आणि यंत्र हाती येण्याआधी एक प्रश्न विचारावा: रात्री पाय कुठे ठेवल्यावर बरं वाटतं? शिरांच्या जखमेचा रुग्ण म्हणतो, उशीवर घेतला की. रोहिणीच्या जखमेचा रुग्ण रात्री उठून पाय पलंगाखाली लोंबत सोडतो, तरच त्याला झोप लागते. आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायाचा रुग्ण म्हणतो, दुखतच नाही. या तिसऱ्या उत्तराची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

"घट्ट पट्टी बांधली तर रक्त अडतं"

शिरांमुळे झालेल्या जखमेचा मुख्य उपचार पट्टी हाच आहे. बाकी सगळं तिच्या मदतीला. पट्टीचं महत्त्व आपल्या वैद्यकाला नवं नाही. सुश्रुताने व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले, त्यांत बंध आहेच. १९व्या शतकात हॅम्बुर्गच्या पॉल उन्ना यांनी जस्ताच्या लेपाची पट्टी रूढ केली. १९८०च्या दशकात लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात चार थरांची पट्टी तयार झाली. हेतू एकच, घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर दाब टिकवायचा आणि वर गुडघ्याकडे तो कमी होत जाऊ द्यायचा.

घरातली क्रेप बँडेजची गुंडाळी हे काम करत नाही. ती दुपारपर्यंत सैल पडते. पट्टी बांधण्याची रीत अशी. पाऊल काटकोनात धरायचं. बोटांच्या मुळापासून सुरुवात करायची, टाच उघडी सोडायची नाही, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर येईल असा फिरवत गुडघ्याखाली दोन बोटांवर थांबायचं. ताण सगळीकडे सारखा ठेवायचा. घोटा पोटरीपेक्षा बारीक असल्यामुळे सारख्या ताणातही तिथे दाब आपोआप जास्त पडतो. अशी बहुथरी पट्टी आठवडाभरही राहू शकते. रोज उघडून बघण्याची गरज नसते, आणि रोज उघडल्याने नुकसानच होतं.

मात्र एक इशारा. ज्याच्या पायाला रक्तच पोचत नाही, त्याला हीच पट्टी घातक ठरते. म्हणून घोट्याचा दाब मोजल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नये. ०.८च्या वर उत्तर असेल तर पूर्ण दाबाची पट्टी साधारणपणे चालते. बांधल्यावर बोटं निळी पडली, मुंग्या आल्या किंवा दुखणं वाढलं, तर रात्री बाराला सुद्धा ती सोडावी, सकाळची वाट बघू नये.

"शिरांचं ऑपरेशन म्हणजे शेवटचा उपाय"

पूर्वी आम्हीही असंच म्हणायचो, आधी जखम भरू द्या, मग शिरांचं बघू. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हे मत बदललं. सगळ्यांना दाबाची पट्टी होतीच. पण ज्यांच्या बिघडलेल्या शिरा दोन आठवड्यांच्या आत आतून बंद केल्या, त्यांच्या जखमा भरायला मध्यक ५६ दिवस लागले. ज्यांना थांबवलं, त्यांना ८२. त्याआधी २००४ सालच्या चाचणीत दिसलं होतं की शिरांवर शस्त्रक्रिया केली तर वर्षभरात जखम परत फुटण्याचं प्रमाण १२ टक्के राहतं, नुसत्या पट्टीवर ते २८ टक्के. आता लेझर किंवा रेडिओलहरींनी शीर बंद करायला सहसा पूर्ण भूलही लागत नाही, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो.

"पू आहे, अँटिबायोटिक द्या"

जखमेवरचा पिवळा थर म्हणजे पू, असं सर्रास समजलं जातं. बहुतेक वेळा ती मृत पेशी आणि तंतूंची साय असते. स्वॅब तपासला तर जंतू येणारच, कारण जुन्या जखमेत जंतू नाहीत असं होतच नाही. तेवढ्यावरून गोळ्या सुरू केल्या तर जखम लवकर भरत नाही, फक्त जंतू औषधांना निर्ढावतात. भोवतीची लाली पसरत चालली, पाय गरम लागला, ताप आला, अचानक दुखणं वाढलं, तेव्हा मात्र अँटिबायोटिक हवंच, आणि तेही विनाविलंब. नाक धरावं लागेल असा वास आणि हिरवट पाणी दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, दुकानातून गोळी घेऊ नका.

त्या अकरा ट्यूबांपैकी काहींत निओमायसिन होतं. पायाच्या जुन्या जखमांच्या रुग्णांत त्याची अ‍ॅलर्जी वारंवार दिसते. मावशींच्या जखमेभोवती उठलेली पुरळ आणि खाज त्या मलमाचीच होती, आणि ती वाढली की त्या आणखी मलम लावत होत्या.

"उघडी ठेवा, खपली धरू द्या"

१९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर केलेल्या प्रयोगांत दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगाने येते. खपलीखालून पेशींना वाट काढावी लागते, ओलाव्यात त्या सरळ पुढे सरकतात. हळद, राख, चुना किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज जखमेत घातलं तर याच कोवळ्या पेशींना इजा होऊ शकते. स्वच्छ कोमट पाण्याने किंवा सलाइनने धुतलेली जखम पुरेशी स्वच्छ असते.

खाण्याच्या बाबतीतही असेच गैरसमज आहेत. डाळ, वांगं, अंडी, आंबट खाल्लं की पू होतो, या समजुतीने घरातल्या माणसाला भाकरी आणि पातळ आमटीवर ठेवलं जातं. जखमेतून रोज प्रथिनं वाहून जात असतात. डाळ, अंडी, मासे, दूध यांच्याशिवाय नवी कातडी कशाची बनणार? मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

"शुगर आहे, आता पाय जाणार"

वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आलं, की रुग्णांचं मांस आपोआप सडत नाही. पाय बधिर असल्यामुळे ते जखमेवर तसाच भार देत चालत राहतात. पायाला नीट बसणारं प्लास्टर घालून तो भार पसरवला, तर त्याच जखमा भरतात. मधुमेहाच्या तळपायावरच्या जखमेला हेच लागू पडतं. साखर आटोक्यात, रक्तपुरवठा तपासलेला आणि जखमेवरचा भार काढलेला असेल, तर अशा बऱ्याच जखमा भरतात. म्हणूनच "चालत राहा" हा पोटरीच्या पंपासाठी शिरांच्या जखमेला दिला जाणारा सल्ला इथे उलटा पडतो. विडी-तंबाखूने रोहिण्या बंद पडलेल्या तरुणाला मात्र पहिलं औषध एकच, तंबाखू पूर्ण सोडणं. दिवसाला एक विडीही नाही.

आणखी एक भीती: तुकडा काढून तपासला तर कॅन्सर पसरतो. तसं होत नाही. वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या जखमेत कर्करोग होऊ शकतो. कडा उचलून आल्या, फुलकोबीसारखं मांस वाढलं, किंवा योग्य उपचार करूनही तीन महिन्यांत जखम लहान होत नसेल, तर कडेचा तुकडा तपासलाच पाहिजे.

मावशींची जखम सव्वाचार महिन्यांत भरली. आता त्या सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी दाबाचा मोजा चढवतात आणि रात्री काढतात. हे आयुष्यभर करावं लागेल, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कारण मोजा सोडला की जखम परत येण्याचा धोका वाढतो. केंद्रात त्यांनी उंच स्टूल मागून घेतलं आहे, पोळ्या लाटताना त्या त्यावर बसतात.

तुमच्या घरात कुणाच्या पायावर सहा आठवड्यांहून जुनी जखम असेल, तर पुढच्या ड्रेसिंगला जाताना डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: घोट्याचा दाब मोजला का, आणि उभं करून डॉपलर झाला का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर नवं मलम घेण्याआधी या तपासण्या करून घ्या.