जुनी येझदी घेताना धूर बघा

जुनी येझदी बघायला जाणार असाल, तर मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत किक मारू नका. तापलेलं इंजिन बरेच दोष झाकतं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या या टू-स्ट्रोक गाडीचं उत्पादन 1996 मध्ये थांबलं, त्यामुळे रबरी भाग म्हातारे झालेले असणारच.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं, खाली येणारा पिस्टन ते दाबतो आणि मग ते सिलिंडरमध्ये चढतं. म्हणून क्रँककेस हवाबंद हवी. क्रँकच्या क्लचकडचं ऑइल सील गेलं, की गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जाऊन जळतं. गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नाही. डायनॅमोकडचं गेलं तर नुसती हवा शिरते आणि थ्रॉटल सोडला तरी इंजिन चढ्या आवाजात फिरत राहतं. हा दोष मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण पेट्रोल आणि त्यातलं ऑइल कमी पडून पिस्टन जाम होऊ शकतो. सुरुवातीच्या थोड्या निळसर धुराला मात्र घाबरू नका, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलंच असतं. सील स्वस्त मिळतं, पण क्लचकडचं बदलायला अख्खा क्लच उतरवावा लागतो. भाव करताना ती मजुरी धरा.