हेल्मेट डोक्यासाठी घ्या, दंडासाठी नको!

कोहमाऱ्याला गोंदियाचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३ला मिळतो. तिथून ट्रकांच्या शेजारून बाईक काढताना तुमचं हेल्मेट कुठे असतं? आरशाला लटकलेलं? मग ते वाचवणार फक्त दंड!

दोस्तांनो, नवं घेताना भुवयांच्या जरा वर टेप लावून डोक्याचा घेर मोजा. हेल्मेट घालून मान हलवा. डुगडुगलं तर छोटी साइज बघा. आयएसआय मार्क आणि ‘आयएस ४१५१’ तपासा. पट्टा लावाच, नाहीतर पडताना आधी हेल्मेटच उडतं. जोरात आपटलेलं हेल्मेट बदला. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा धक्का झेलत नाही.

आणि मागे बसणारी मैत्रीण? कायद्याने हेल्मेट तिलाही लागतं. डोकं तिलाही एकच आहे.