सावलीने शोधलेला सण

दरवर्षी २१ किंवा २२ डिसेंबरच्या सुमारास चीनमध्ये ‘दोंगझी’ हा सण येतो. दोंगझी म्हणजे हिवाळ्याचे टोक. सर्वांत मोठी रात्र सरते, दिवस वाढू लागतो. ‘यांग’ हे उष्ण, प्रकाशमय तत्त्व आता परतू लागते, अशी जुनी समजूत आहे. घरची माणसे एकत्र जेवतात; उत्तरेत सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, दक्षिणेत चिकट तांदळाच्या पिठीचे गोळे.

पण हा दिवस नेमका ओळखायचा कसा? चिनी पंचांगात दोंगझी ज्या चांद्रमासात येतो, तो अकरावा. म्हणजे हा दिवस चुकला तर महिन्यांची गणतीही चुकू शकते!

उभ्या शंकूची माध्यान्हीची सावली या दिवशी सर्वांत लांब पडते. मात्र टोकाशी सूर्याची दक्षिणेकडची चाल मंदावते. त्यामुळे आदल्या व दुसऱ्या दिवशीही सावली जवळजवळ तेवढीच भरते. पाचव्या शतकात झू चोंगझी यांनी यावर तोड काढली. टोकाच्या काही आठवडे आधी आणि नंतर सावली केव्हा सारख्याच लांबीची होती, ते काढायचे. त्या दोन वेळांचा मध्य म्हणजे दोंगझी. तेराव्या शतकात गुओ शौजिंग यांनी शंकूची उंची पाचपट केली. १२८१ सालापासून लागू झालेल्या त्यांच्या पंचांगात वर्ष ३६५.२४२५ दिवसांचे आहे. आजच्या मापाशी फरक जेमतेम अर्ध्या मिनिटाचा!

शाळेच्या आवारात सरळ काठी रोवून नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आपणही हा प्रयोग करू शकतो.