मलेरियाच्या जंतूचे साठ मुखवटे

मागच्या पावसाळ्यात गडचिरोलीहून घरून परत आलेला माझा रूम पार्टनर दुसऱ्याच दिवशी थंडी वाजून तापला. दवाखान्यात बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटली. फाल्सिपेरम मलेरिया! लहानपणी त्याला मलेरिया दोनदा होऊन गेला होता. मग शरीर त्याला ओळखत कसं नाही? मी पडलो मेकॅनिकलचा, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. लायब्ररी गाठली.

या जंतूचा संपूर्ण जीनोम २००२ साली प्रसिद्ध झाला. १४ गुणसूत्रे, सुमारे २.३ कोटी अक्षरे आणि सुमारे ५३०० जनुके. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी ही दोनच मिळून ८० टक्के जागा अडवतात.

पण खरी गंमत आहे ती गुणसूत्रांच्या टोकांना. रोजच्या कामाची जनुके बहुतेक मधल्या भागात असतात. टोकांजवळ मात्र तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात. त्यातला एक तर फक्त २१ अक्षरांचा. त्यांच्या शेजारी 'व्हार' नावाची बरीच जनुके बसलेली असतात. एकूण सुमारे ६०. प्रत्येक जनुक तांबड्या पेशीवर वेगळे प्रथिन, म्हणजे वेगळा मुखवटा चढवते. पण एका वेळी एकच जनुक चालू. शरीर एक मुखवटा ओळखेपर्यंत काही जंतूंनी दुसरा चढवलेला असतो. शिवाय सारखी दिसणारी टोके केंद्रकात एकत्र जमतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. म्हणजे नवे मुखवटे तयार!

आता पट्टीकडे वळू. ती बहुधा एचआरपी-२ हे प्रथिन शोधते. त्यातही तेच तेच तुकडे असल्यामुळे ते पट्टीवर सहज पकडले जाते. पण त्याचे जनुकही आठव्या गुणसूत्राच्या टोकाजवळच आहे, आणि तिथली मोडतोड ठरलेली. हे जनुकच गळालेले जंतू पेरूमध्ये सापडल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे आफ्रिकेतही ते आढळले. अशा वेळी रक्तात जंतू असूनही रेघ उमटत नाही.

माझा मित्र गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेऊन बरा झाला. पण दोस्तांनो, पट्टी निगेटिव्ह आली आणि ताप हटत नसेल, तर रूमवर झोपून राहू नका. डॉक्टरांना सांगून रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. तिथे मुखवटा चालत नाही.