किट, कथील आणि पुस्तिका

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर घरी जोडणाऱ्यांच्या दृष्टीने 1947 हे साल दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी एप्रिल आणि मे महिन्यांत ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचे दोन लेख आले. त्याच वर्षी अमेरिकेत, मिशिगनमधल्या बेंटन हार्बरच्या हीथ कंपनीने ऑसिलोस्कोपचे किट विकायला काढले. विल्यमसननी सर्किट दिले. हीथने कुठल्याही अनोळखी माणसाच्या हातून सर्किट बिनचूक जोडून घेण्याची रीत दिली. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण विल्यमसनपाशीच थांबतात. हीथचे ऋण तितकेच, किंबहुना अधिक मोठे आहे, हे प्रस्तुत लेखकाचे जुने मत. आणि ते बदलावे असे इतक्या वर्षांत काही घडलेले नाही.

विल्यमसनचे मोठेपण अर्थात निर्विवाद. ट्रायोड पद्धतीने जोडलेले दोन केटी66, पंधरा वॅट आउटपुट, वीस डेसिबल फीडबॅक आणि 0.1 टक्क्याच्या आतले डिस्टॉर्शन ही त्या काळी थक्क करणारी कामगिरी होती. पण एवढा फीडबॅक द्यायचा तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर फार वरच्या दर्जाचा लागतो. तो जेमतेम असला तर अ‍ॅम्प्लिफायर कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर आपसूक ऑसिलेट होऊ लागतो आणि व्हॉल्व्ह तापून जातात. विल्यमसनना याची जाण होती, म्हणून त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगची माहितीही लेखात छापली. तिकडे दुर्लक्ष करून हाताला लागेल तो ट्रान्सफॉर्मर बसवणाऱ्यांनी पुढे सर्किटलाच दोष दिला, हा त्यांच्यावरचा अन्यायच.

आता हीथ. ही कंपनी मुळात विमानांची. एड हीथ ‘पॅरासोल’ नावाच्या छोट्या विमानाची किट विकत आणि 1931 मध्ये चाचणी उड्डाणातच त्यांचा मृत्यू झाला. पुढे हॉवर्ड अँथनी यांनी कंपनी घेतली आणि महायुद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक इलेक्ट्रॉनिक माल विकत घेऊन त्यातून किटचा धंदा उभा केला. थोड्याच वर्षांत विल्यमसनच्या सर्किटचे किटही त्यांच्या यादीत आले. पण खरी चीज होती ती पुस्तिका. प्रत्येक पायरीच्या आधी एक मोकळा कंस, काम झाले की त्यात बरोबरची खूण करायची. पायरी साधारण अशी: ‘100 के रेझिस्टर एक नंबरच्या लगपासून (एनएस) तीन नंबरच्या लगपर्यंत (एस-2) जोडा.’ एनएस म्हणजे इथे अजून सोल्डर करू नका, आणखी तारा यायच्या आहेत. एस-2 म्हणजे आता सोल्डर करा, आणि या लगवर मोजून दोन तारा असल्या पाहिजेत.

त्या दोनच्या आकड्यात सगळी शिकवण आहे. लगवर एकच तार दिसली, तर मागची एखादी पायरी राहून गेली हे सोल्डर वितळायच्या आधीच कळते. जोडणी संपल्यावरही लगेच प्लग लावायचा नाही. ठरलेल्या ठिकाणी मीटरने ओहम तपासायचे, ते पुस्तिकेतल्या आकड्यांशी जुळले तरच पुढे जायचे. ‘किट जोडणे म्हणजे आखलेल्या चित्रात रंग भरणे’ असे हिणवणारे पंडित कालही होते, आजही आहेत. ज्यांनी ही पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत राबवली आहे, त्यांच्या तोंडी हे वाक्य येत नाही.

फिलाडेल्फियाच्या डेव्हिड हाफलर यांनी हीच वाट पुढे नेली. 1951 मध्ये हर्बर्ट केरोस यांच्यासह त्यांनी अल्ट्रा-लिनियर जोडणी लोकप्रिय केली. मूळ कल्पना ब्रिटनच्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांच्या पेटंटात आधीच होती. मग डायनाको कंपनी निघाली आणि 1959 मध्ये ‘स्टिरिओ 70’ आला: चार ईएल34, एक जीझेड34, दर चॅनेलला पस्तीस वॅट, किटची किंमत शंभर डॉलरला पाच सेंट कमी. ड्रायव्हरचे सर्किट छापील बोर्डवर आधीच जोडलेले असे. या बोर्डवर हाताच्या वायरिंगचे भक्त आजही नाक मुरडतात. पण हाफलरना हजारो घरांत एकसारखा अ‍ॅम्प्लिफायर तयार व्हायला हवा होता, आणि तो झालाही.

बायसची त्यांची युक्ती तर मुद्दाम सांगण्यासारखी. दर चॅनेलच्या दोन ईएल34च्या कॅथोडखाली 15.6 ओहमचा एकच नेमका रेझिस्टर. त्याच्यावर 1.56 व्होल्ट आले की त्यातून बरोबर शंभर मिलिअ‍ॅम्पिअर वाहतात, म्हणजे दर व्हॉल्व्हला पन्नास. आता हा 1.56 आकडाच का? तर नव्या कोऱ्या टॉर्चच्या सेलचा व्होल्टेज जवळपास तेवढाच असतो. ज्याचा मीटर स्वस्तातला, भरवशाचा नाही, त्याने आधी सेलवर काटा कुठे येतो ते पाहायचे आणि मग स्क्रू फिरवून अ‍ॅम्प्लिफायरचा काटा तिथेच आणायचा. महागडे उपकरण नसलेल्या माणसाचा एवढा विचार करून निवडलेला आकडा या सगळ्या इतिहासात दुसरा दाखवता येणार नाही.

ब्रिटनमध्ये मलार्डने 1954 मध्ये ‘5-10’ काढला. पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट. पाठोपाठ ईएल34चा ‘5-20’ आला आणि 1959 मध्ये या सर्किटांचे पुस्तकही निघाले. आपल्याकडच्या कारागिरांना हे घराणे जवळचे वाटावे याला कारण आहे. साठच्या दशकात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनू लागले, आणि ईसीसी83 व ईएल84 हे इथल्या रेडिओ मेकॅनिकच्या रोजच्या हाताळणीतले नंबर झाले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर, इथे कंडेन्सर, बेस, टॅगस्ट्रिप मिळे. किटचा डबा मात्र आपल्याकडे फारसा कधी आलाच नाही. माणूस कागदावर यादी घेऊन निघे आणि दुकानामागून दुकान पालथे घालत स्वतःचे किट स्वतःच गोळा करी. ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून करून घ्यायचा, किंवा गणपतीच्या मांडवातून निवृत्त झालेल्या पीए अ‍ॅम्प्लिफायरमधून काढायचा.

वाइंडिंगवाल्यांचे हात कसलेले, पण ते बव्हंशी पॉवर ट्रान्सफॉर्मरवर. पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये ई आणि आय पट्ट्या आलटून-पालटून भरतात. एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरचे गणित वेगळे. प्रायमरीतून सतत डीसी वाहत असतो, म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागद घालून फट ठेवावी लागते. फट ठेवली नाही तर कोअर सॅच्युरेट होतो आणि तबल्यातला बायाच नाहीसा होतो. इथले अनेक अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्ह चांगले असूनही या एका कागदापायी पातळ वाजले. ही गोष्ट सांगणारी मराठी पुस्तिका तेव्हा नव्हती, आजही नाही.

ट्रान्झिस्टर आला, आयसी आली, यंत्रांनी भरलेले बोर्ड घरच्या जोडणीपेक्षा स्वस्त पडू लागले. हीथने 1992 मध्ये किट बंद केली. मधल्या वर्षांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे नाही. व्हॉल्व्हच्या नंतरच्या पुनरुज्जीवनात वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या 300बी ट्रायोडची लाट आली. व्हॉल्व्ह 1938चा, एकटा वापरला तर आठेक वॅट देणारा, मधुर यात शंका नाही. पण त्याखेरीज सगळे बेसूर असे सांगणाऱ्यांनी आणि हजारो रुपयांच्या एकेका कंडेन्सरचे गुण गाणाऱ्यांनी नवशिक्यांची फार दिशाभूल केली. मीटर न लावता नुसत्या किमतीवरून आवाज ठरवायची सवय तिथूनच लागली.

आज गिटारच्या जगाने हा छंद जिवंत ठेवला आहे. फेंडरचा 5एफ1 चॅम्प हे नवशिक्याचे पहिले किट: एक 12एएक्स7, एक 6व्ही6, एक 5वाय3, डझनभर रेझिस्टर, पाचेक वॅट. बोर्डवर भाग कुठे बसतात याचा फेंडरचा आराखडा इतका स्वच्छ आहे की त्यावरून सर्किट वाचायला शिकता येते. व्हॉल्व्हही नवे मिळतात. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन हे त्यांचे मुख्य पुरवठादार, आणि 2022 मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभर टंचाई जाणवली. ढासळली आहे ती पुस्तिका. अनेक किटमध्ये आता सुट्या भागांची पिशवी, एक फोटो आणि एक सर्किट एवढेच हाती पडते. कुठे किती व्होल्ट यायला हवेत याचा तक्ता नसतो. तीनशे-साडेतीनशे व्होल्टचे यंत्र अशा कागदांवर घरोघरी पाठवणे हा बेजबाबदारपणा आहे.

चॅम्पच्या तक्त्यात काय असावे? पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डवरून. साठ वॅटचा तारेचा दिवा, एलईडी चालणार नाही. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच भगभगत राहिला तर शॉर्ट आहे. स्पीकर किंवा त्याच्या जागी योग्य रेझिस्टर जोडल्याखेरीज स्विच टाकायचा नाही. बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे करायचे आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत आत हात घालायचा नाही. मग 6व्ही6च्या कॅथोडवरच्या 470 ओहमवर मोजायचे. एकोणीस व्होल्ट आले तर सुमारे चाळीस मिलिअ‍ॅम्पिअर, आणि प्लेटवर 330 व्होल्ट असतील तर व्हॉल्व्ह बारा वॅटच्या आसपास तापतो. त्याची जुन्या डेटाशीटमधली मर्यादाही तेवढीच. आपल्याकडे सॉकेटमध्ये कित्येकदा 245 व्होल्ट असतात, आणि 220च्या प्रायमरीवर ते दिले की हे सगळे आकडे दहा टक्क्यांहून अधिक वर सरकतात. म्हणून ट्रान्सफॉर्मर भरायला टाकतानाच प्रायमरीला 220, 230 आणि 250 असे तीन टॅप मागावेत, आणि किट विकणाऱ्याने कुठल्या टॅपवर कॅथोडला किती व्होल्ट येतात ते छापून द्यावे.